उरलेल्या दोन पट्ट्या

अन्वीच्या उजव्या कानामागे, केसांची रेघ संपते तिथं, हर्षदाला तो डाग दिसला आणि हातातली तेलाची वाटी कलंडली. डाग केवढासा, तांदळाच्या दाण्याएवढा. पण पांढरा. उन्हानं येतो तसा फिकट नव्हे की गजकर्णासारखा खवलेदार नव्हे. चक्क खडू टेकवल्यासारखा पांढरा.

"काय झालं गं आई?" मान न वळवता अन्वीनं विचारलं.

"काही नाही. तेल सांडलं."

हर्षदा मगदूम सांगलीच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवत होती. दरवर्षी आठवीच्या पोरांना ती वनस्पतीच्या पेशीची आकृती काढायला लावायची आणि केंद्रक मधोमध काढणाऱ्याचे कान उपटायची. अशा बाईनं तो डाग बघितल्यावर काय करावं? लेकीला सांगावं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्यावं. २०४३ साल होतं, डागाला आता चांगले उपाय होते. पण हर्षदाला जी भीती वाटली, ती विज्ञान शिकलेली नव्हती. अन्वीचा साखरपुडा पाच आठवड्यांवर आला होता. मिरजेचे उपाध्ये, मुलगा सन्मती, शांत आणि गुणी. आणि हर्षदाला आठवली तिची कुसुममावशी, जिला लग्नानंतर आठव्या महिन्यात सासरच्यांनी मोटारीत घालून माहेरी आणून सोडलं होतं, हनुवटीवरच्या एका पांढऱ्या ठिपक्यापायी. मावशी पुढं साठ वर्षांची होऊन वारली, पण ती हसताना कायम हनुवटीवर पदर धरायची.

आणखी एक गोष्ट होती, जी घरात कुणालाच ठाऊक नव्हती. हर्षदाला स्वतःलाच कोड होतं.

चार वर्षांपूर्वी तिच्या कमरेवर पहिला डाग उठला, मग मांडीवर दोन, मग पायाच्या बोटांवर. नवऱ्याला, म्हणजे अभिनंदनला, पत्ता लागला नाही. पंपांच्या दुकानात बारा तास घालवून आलेला माणूस बायकोकडे ताट वाढल्यावर बघतो, तेही ताटात काय आहे ते बघून झाल्यावर. पायांत ती बारा महिने मोजे घालायची. "टाचांना भेगा पडतात," असं सांगायची, आणि मे महिन्यातही मोजे बघून तिची नणंद, सुनंदावन्सं, तिला "आमची काश्मीरची पाहुणी" म्हणायच्या. गेल्या वर्षी मैत्रिणींबरोबर सहलीला जाते असं सांगून हर्षदा बेळगावच्या एका उपचार केंद्रात गेली. नाव विचारल्यावर तोंडातून आपोआप निघालं, "कुसुम पाटील." तिथं बोटाचा ठसा घेतला. ठसा मात्र खोटा देता येत नाही.

उपचार अगदी साधा दिसायचा. पूर्वी ब्यूटी पार्लरमध्ये मुरमांच्या खड्ड्यांवरून सुयांचा रूळ फिरवत. बारीक बारीक टोचलं की कातडी स्वतःला दुरुस्त करायला धावते, एवढंच त्यामागचं तत्त्व. आता सुया औषधाच्याच झाल्या होत्या. बोटाच्या पेराएवढी मऊ पट्टी, तिच्या एका अंगाला केसाहून बारीक चारशे सुया. अंगावर दाबली की मांजराची जीभ लागावी तेवढंच खरखरीत लागायचं आणि वीस मिनिटांत सुया कातडीत विरघळून जायच्या. मागं राहायच्या त्या पेशी. रंग तयार करणाऱ्या, रुग्णाच्याच कातडीतून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या.

पण नुसत्या पेशी पेरून भागत नाही. कोडात शरीराचे पहारेकरीच स्वतःच्या रंगपेशींना शत्रू समजून मारतात. नव्या पेरल्या तर त्याही मारतील. म्हणून या पेशींच्या अंगावर एक असं प्रथिन चढवलेलं असायचं की पहारेकरी त्यांना हटकतच नाहीत. आता जिला कुणी हटकत नाही अशी पेशी वाढतच सुटली तर? त्यासाठी एक लगाम. आजूबाजूला पुरेशा पेशी झाल्या की थांबायचं. तो लगाम रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातल्या एका प्रथिनाशी जुळवलेला असे, त्या एका माणसाच्या, दुसऱ्या कुणाच्याही नव्हे.

बेळगावच्या सिस्टरनी दोनदा बजावलं होतं. "हे फक्त तुम्हाला, काकू. सख्ख्या बहिणीला नाही, मुलीला नाही. आणि स्टिरॉइड कुणी दिलं तर आधी आम्हाला विचारायचं. पहारा आधीच कमी केलाय आपण, स्टिरॉइडनं उरलासुरलाही झोपतो."

हर्षदानं मान डोलावली होती. पण मगदुमांच्या घरात औषध कधी एकट्याचं नसायचं. अभिनंदनच्या पित्ताच्या गोळ्या वन्सं न्यायच्या, वन्संच्या गुडघ्याचं मलम शेजारी जायचं, एकाचा खोकला बरा झाला की बाटलीत उरलेलं दुसऱ्याच्या खोकल्यासाठी ठेवायचं. टाकून देणं म्हणजे पाप. घरी लावायला दिलेल्या आठपैकी सहा पट्ट्यांत हर्षदाचे कमरेवरचे आणि मांडीवरचे डाग भरून आले. पायाच्या बोटांवरचे मात्र हटले नाहीत, तिथं ते भरत नाहीतच म्हणे. उरलेल्या दोन पट्ट्या तिनं फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात, स्टीलच्या डबीत घालून ठेवल्या होत्या.

त्या रविवारी दुपारी तिनं डबी काढली. आपलीच तर लेक आहे, तिनं स्वतःला समजावलं. निम्मं रक्त माझंच की. आठवीचा पेपर तपासताना असलं उत्तर दिसलं असतं तर तिनं लाल शाईनं काट मारली असती.

"हे काय?" अन्वीनं विचारलं.

"पार्लरमधून आणलंय. तुझ्या मुरमांच्या खड्ड्यांवर. साखरपुड्याला गाल गुळगुळीत पाहिजेत की नको?"

"मग कानामागं कशाला लावतेस?"

"आधी कानामागं लावून बघायचं असतं. पुरळबिरळ आलं तर?"

अन्वी हसली आणि केस बाजूला धरून तिनं मान पुढं केली. आईवर विश्वास ठेवायला तिला विचार करावा लागत नव्हता. दोन्ही पट्ट्या हर्षदानं एकापाठोपाठ एक, आठवड्याच्या अंतरानं, तिथंच लावल्या. गालावर तिनं साधं क्रीम चोळलं.

पंधराव्या दिवशी डाग गेला. कातडी अशी भरून आली की शोधूनही जागा सापडेना. हर्षदा न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली, आनंदानं. त्या संध्याकाळी तिनं शेवयांची खीर केली आणि वन्संनी विचारलं तेव्हा "सहज" म्हणाली.

एकविसाव्या दिवशी अन्वी आरशासमोरून ओरडली. "आई, इथं काळं कशानं झालं बघ."

कानामागून एक तपकिरी रेघ निघून मानेवर उतरली होती. तिला दोन फाटे फुटले होते, भिंतीवर ओल चढते तसे. हर्षदानं ओल्या रुमालानं पुसलं, मग साबणानं, मग लिंबानं. रेघ हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटे पाच झाले होते आणि एक कानशिलाकडे वळला होता. काय झालंय ते हर्षदाला त्याच क्षणी कळलं. अगदी पाठ्यपुस्तकात लिहिल्यासारखं स्वच्छ कळलं. लगाम लागत नव्हता.

मिरजेच्या मोठ्या इस्पितळात अन्वीला भरती केलं. त्वचाविकाराच्या डॉ. शबाना मुजावर पन्नाशीच्या, बोलायला मऊ, नजरेला तिखट. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अंगाला काही लावलं होतं?"

"आईनं पार्लरमधून पट्टी आणली होती. मुरमांची," अन्वी म्हणाली.

डॉक्टरांनी हर्षदाकडे बघितलं. "साधीच ना?"

खोलीत अभिनंदन होता, वन्सं होत्या, आणि दारात सन्मतीची आई शहाळं घेऊन नुकतीच आली होती.

"साधीच," हर्षदा म्हणाली.

डॉक्टरांनी खिशातलं निळं बॉलपेन काढलं आणि तपकिरी रंग जिथवर आला होता तिथं अन्वीच्या कातडीवर रेष ओढली. "उद्या सकाळी बघू, ही ओलांडतो का ते."

ओलांडली. दुसऱ्या सकाळी दुसरी रेष ओढली, तीही ओलांडली. रोज सकाळी आठ वाजता डॉक्टर यायच्या, आणि सात वाजल्यापासून हर्षदा लेकीच्या मानेकडे बघायचं टाळत बसायची. मान झाली, जबडा झाला, कानशील झालं. तपासायला काढलेल्या कातडीच्या तुकड्यात पेशी निरोगी दिसत होत्या, आणि डॉक्टरांना तेच खटकत होतं. जनुकांचा अहवाल पुण्याहून यायला बारा दिवस लागणार होते.

चौथ्या दिवशी हर्षदा जिन्यात गेली आणि तिनं बेळगावला फोन लावला. पलीकडून यंत्राचा गोड आवाज आला. "नमस्कार. कृपया आपलं नाव सांगा आणि बोट पडद्यावर ठेवा." तिनं बोट पुढं केलं. अंगठ्याला घाम सुटला होता. एकदा ठसा दिला की खरं नाव निघणार, पत्ता निघणार, कुणीतरी घरी फोन करणार, फोन वन्सं उचलणार. तिनं फोन बंद केला आणि पायरीवर बसून राहिली. उद्या सांगू. उद्या कदाचित रेष ओलांडणारच नाही. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एकच खोटं कबूल करायचं होतं. आता रोज त्यात एक दिवस वाढत होता, आणि 'इतके दिवस गप्प का बसलीस' या प्रश्नाची भीती डागाच्या भीतीहून मोठी होत चालली होती.

सातव्या दिवशी अन्वीच्या उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात, कोपऱ्याला, चहाचा थेंब पडावा तसा डाग आला.

"आई, या डोळ्यानं धुरकट दिसतंय."

"औषधानं होत असेल."

"आत गेलं तर? डोक्यात?" अन्वी पुटपुटली. "आई, मला फार भीती वाटती गं. हात धर."

हर्षदानं हात धरला. तो तिनं सोडलाच नाही. जेवायलाही उठली नाही. वन्सं बाहेर सगळ्यांना सांगत होत्या, "अशी आई मिळायला नशीब लागतं."

नवव्या दिवशी डॉ. मुजावर आल्या तेव्हा त्यांनी पेन काढलंच नाही. रेष ओढायला आता गालावर जागा उरली नव्हती. तपकिरी रंग पापणीवर चढला होता आणि बुबुळाच्या कडेला टेकला होता.

"अहवालाची वाट बघण्यात अर्थ नाही," त्या अभिनंदनला म्हणाल्या. "शरीराचा पहारा बिथरून हे होत असावं असा माझा अंदाज आहे. तो आधी दाबायला हवा. अकरा वाजता स्टिरॉइडचं सलाइन लावू, जोरदार मात्रेत."

खोलीत सगळे होते. सन्मती भिंतीला टेकून उभा, त्याची आई खुर्चीवर, वन्सं पलंगाच्या पायाशी जपमाळ घेऊन. हर्षदाच्या कानांत बेळगावच्या सिस्टरचा आवाज घुमायला लागला. उरलासुरलाही झोपतो. तिनं घड्याळात बघितलं. दहा चाळीस.

अजून वीस मिनिटं आहेत, तिला वाटलं. वीस मिनिटांत काहीतरी होईल. लाइट जाईल, अहवाल येईल, डॉक्टरांना स्वतःलाच सुचेल. काही झालं नाही. अकराला नर्स आली, तिनं बाटली अडकवली, अन्वीच्या मनगटाजवळ शीर शोधली.

"थांबा," हर्षदा म्हणाली. पण कुणाला ऐकू गेलं नाही.

सुई आत गेली. नर्सचा अंगठा नळीवरच्या चाकीवर आला. तेव्हा हर्षदानं झडप घालून तिचं मनगट धरलं, इतक्या जोरानं की ट्रे खाली पडला.

"देऊ नका! त्या पट्ट्या पार्लरच्या नव्हत्या. माझ्या होत्या. मला कोड आहे. उरलेल्या दोन पट्ट्या मी तिला लावल्या. त्यात माझ्या पेशी आहेत."

वन्संनी जपमाळ ओटीत टाकली.

"घाबरून डोकं फिरलंय तिचं," वन्सं उठत म्हणाल्या. "हर्षदा, चल बाहेर. आपल्या घरात कुणाला असलं काही नाही. विहीणबाई, तुम्ही मनावर घेऊ नका हं."

"जाग्रणं झालीत ओ डॉक्टर," अभिनंदनही म्हणाला. "नऊ दिवस झोपलेली नाही ती. तुम्ही चालू करा."

नर्सनं डॉक्टरांकडे बघितलं. हर्षदा खाली वाकली. चार वर्षांत कुणासमोर न काढलेला मोजा तिनं ओढून काढला आणि पाऊल पलंगाच्या कडेवर, सगळ्यांच्या समोर ठेवलं. पाचही बोटं पांढरीशुभ्र होती.

अभिनंदन त्या पावलाकडे असा बघत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणा बाईचं होतं. डॉ. मुजावरनी स्वतः पुढं होऊन सलाइनची नळी काढली.

"कुठलं केंद्र?"

"बेळगाव. नाव कुसुम पाटील दिलंय."

"ठसा?"

"माझाच."

डॉक्टरांनी फोन तिच्यापुढं धरला. यंत्राचा गोड आवाज आला आणि या वेळी हर्षदानं अंगठा टेकवला. पुढं सगळं भराभर झालं. अशा प्रत्येक रुग्णाच्या पेशींना एक छुपं कुलूप बसवलेलं असतं आणि त्याची किल्ली, म्हणजे एकच इंजेक्शन, केंद्रात जपून ठेवलेली असते. ते दिलं की त्या खुणेची प्रत्येक पेशी स्वतःहून मरते, मग ती कुणाच्याही अंगात असो. बेळगावहून ड्रोन निघालं. तासाभरात मिरजेला पोचेल असं कळलं.

तेवढ्या वेळात डॉक्टर अन्वीच्या उशाशी बसल्या. "नीट ऐक, बेटा. हे दिल्यावर काळं थांबेल. डोळा वाचेल असं मला वाटतं, पण शब्द देत नाही. मात्र इतक्या पेशी एकदम मेल्या की तुझे पहारेकरी खवळतील आणि तुझ्या स्वतःच्या रंगपेशींवर उठतील. पांढरे डाग येतील. चेहऱ्यावरही."

"काल दिलं असतं तर?"

डॉक्टर म्हणाल्या, "पहिल्या दिवशी दिलं असतं तर कदाचित एवढाही त्रास झाला नसता."

"द्या," अन्वी म्हणाली.

सन्मतीची आई उठली, शहाळ्याचा थर्मास तिथंच ठेवून "पुढचं पुढं बघू" म्हणाली आणि गेली. सन्मती गेला नाही, पण जवळही आला नाही. अभिनंदन खिडकीकडे तोंड करून उभा होता. हर्षदानं सवयीनं अन्वीचा हात धरायला हात पुढं केला.

अन्वीनं हात पांघरुणाखाली घेतला. ती चिडलेली नव्हती. तिचा चेहरा नुसता पांढराफटक पडला होता, जिथं पांढरा पडायला जागा होती तिथं.

"नऊ दिवस तू माझा हात धरून बसली होतीस," ती म्हणाली. "मी तुला विचारत होते, आई मी मरेन का. आणि तुला माहीत होतं."

हर्षदानं दुसरा मोजा काढला, दोन्ही मोजे मुठीत धरले आणि ती कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. तासभर तिला फक्त ड्रोनची भीती होती: वाटेत पडेल, वारा लागेल, चुकेल. बाकीच्या सगळ्या भीती, वन्संची, विहिणीची, लोकांची, तिला शोधूनही सापडल्या नाहीत. इतकी वर्षं पोसलेली ती भीती कधी निघून गेली ते तिला कळलंही नव्हतं, आणि आता तिच्या जाण्याचा उपयोगही नव्हता.

बारा वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन दिलं.

काळं मागं हटायला चार दिवस लागले. कातडीवरून कोंड्यासारखं सुटत गेलं, आधी गालावरून, मग मानेवरून, आणि त्याखालून डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच पांढरं उगवलं. मानेवर तळहाताएवढं, हनुवटीवर एक, पापणीवर दोन. डोळ्यातला चहाचा थेंब फिका होत होत कोपऱ्यात सरला. त्या डोळ्यानं अन्वीला आता नर्सच्या ओढणीवरची फुलं मोजता येत होती. डोळा वाचला होता. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा अभिनंदन पहिल्यांदा रडला आणि रडता रडता तो बायकोकडे बघायला लागला. बघतच राहिला.

अठराव्या दिवशी, घरी सोडायच्या आदल्या दुपारी, पाळीवर नव्यानंच आलेल्या नर्सनं थेंबांची बाटली हर्षदाच्या हातात दिली. "काकू, उद्यापासून तुम्हालाच घालायचेत, दिवसातून चार वेळा. आज माझ्यासमोर घाला, मी बघते."

हर्षदानं दोनदा हात धुतले. बाटलीचं झाकण उघडून ती अन्वीवर वाकली.

अन्वीचे दोन्ही डोळे घट्ट मिटले. डोकं उशीत मागं रुतलं. एका हातानं तिनं पलंगाची कड पकडली. बोटांची पेरं पांढरी झाली.

"काय आहे ते?" ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली.

"थेंब आहेत बाळा. डोळ्याचे."

"वाच. काय लिहिलंय ते."

हर्षदानं बाटली उजेडाकडे फिरवली. अक्षरं बारीक होती. तिनं औषधाचं नाव वाचलं, किती थेंब ते वाचलं, कुठल्या तारखेपर्यंत चालतं ते वाचलं. मग रुग्णाचं नाव वाचलं, अन्वी अभिनंदन मगदूम.

अन्वीची बोटं कडेवरून सुटली नाहीत.

"सिस्टरना दे," ती हळू म्हणाली. "त्यांना वाचू दे."

नर्स हसली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं बाटली घेतली आणि तेच सगळं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, मोठ्यानं वाचून दाखवलं. मग अन्वीनं डोळा उघडला.